दवाखान्याचे देणे

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत, रेल्वे स्टेशनापासून फार दूर नसलेल्या एका लहानशा रुग्णालयात, रविवारचे रोगी आटोपले म्हणजे दोन गृहस्थांची बैठक जमते, आणि तिला श्रोता म्हणून हजर राहण्याचा मान पुष्कळ दिवसांपासून माझ्याकडे आहे. त्यांपैकी एक त्या रुग्णालयाचे मालक डॉक्टर. रोग्याच्या नाडीइतकीच उधारीच्या वहीचीही पारख असलेले. दुसरे दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले नाझर, ज्यांच्या टेबलावरून जप्तीची वॉरंटे बेलिफांच्या हाती पडत आणि ज्यांच्या नोंदवहीत सबंध तालुक्याची दैन्यावस्था एकेकाळी ओळीने लिहिलेली असे. जगरहाटीप्रमाणे डॉक्टर कनवाळू आणि नाझर कठोर असावयाचा. येथे मात्र वसुलीची गोष्ट निघाली की डॉक्टरांचा स्वर चढतो, आणि ज्याने हयातभर परक्यांच्या घरातली भांडीकुंडी मोजून घेतली तो माणूस एकेका शब्दाची शहानिशा करू लागतो.

त्या रविवारी विषय निघाला तो जुन्या वस्तीतील एका बाईवरून. तिचा नवरा ऑटोरिक्षा चालवीत असे. अमरावतीच्या एका खासगी रुग्णालयात तो काही दिवस होता आणि तेथून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. रुग्णालयाची एक पैही बाकी नव्हती, कारण बिल चुकते केल्यावाचून त्याला घरी आणणे तिला शक्यच वाटले नव्हते. पण त्या बिलापायी गळ्यातले गेले होते, बायकांच्या गटातून एक कर्ज निघाले होते, आणि नवऱ्याने खाटेवर पडल्या पडल्या मोबाईलवरून आणखी एक काढले होते, ज्याचा पत्ता तिला वसुलीवाल्यांचे फोन मुलाला येऊ लागल्यावर लागला. मुलगा नुकताच अठराचा झालेला. कापडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून तो टेबलावर ठेवीत ती म्हणाली, "मानूस दवाखान्यात नेला तं पैसे, घरी आनला तं पैसे, आता तो नाई तं बी पैसेच. मले फकस्त इतकं सांगा जी, यातलं माह्यं देनं कोनतं अन् कोनतं नाई." नाझरसाहेबांनी तिला व मुलाला बाहेरच्या बाकावर बसवले, चष्मा पुसला, आणि कागद लावावयास घेतले.

डॉक्टर : तुम्ही तिला धीर दिलात हे उत्तम केलेत, पण खोटी आशा देऊ नका. पैसे घेतले आहेत, ते परत करावयाचे आहेत. फायनान्स कंपनीला तिच्या नवऱ्याच्या आजाराशी काय कर्तव्य? आणि उद्या वसुली थांबली तर परवा या वस्तीत एका तरी बाईला कोणी दहा हजार रुपये देईल काय? २०१६च्या नोटाबंदीनंतर विदर्भात मायक्रोफायनान्सच्या वसुलीविरुद्ध बायकांचे मोर्चे निघाले, कर्जमाफीच्या आवया उठल्या, आणि ज्यांनी त्यांवर विसंबून हप्ते बंद केले त्यांची पत गेली ती गेलीच.

नाझरसाहेब : कर्ज बुडवावे असे म्हणणारा माणूस मी नव्हे, डॉक्टर. आपला हा सबंध वऱ्हाड प्रांतच मुळी थकबाकीपायी गेलेला आहे. कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी निजामाकडून चुकेना म्हणून १८५३ साली तो इंग्रजांच्या हवाली झाला, आणि १९०२ साली सालिना पंचवीस लाखांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. तेव्हा देणे थकले म्हणजे काय होते हे वऱ्हाडी माणसाला कोणी शिकवावयास नको. माझा प्रश्न एवढाच की वसुली करणाराच्या हाती कागद कोणता आहे. माझा बेलिफ कोणाच्या दारात उभा राही तेव्हा त्याच्यामागे दावा असे, हुकूमनामा असे, दरखास्त असे, आणि न्यायाधीशाची सही व मोहर असलेले वॉरंट असे. आणि एवढे सर्व असूनही सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी त्याला कोणाच्या राहत्या घरात पाऊल टाकता येत नसे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे बासष्टावे कलम काढून पाहा.

डॉक्टर : आणि साठावे?

नाझरसाहेब : ते तर मला पाठच आहे. अंगावरची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला जे अलंकार अंगावेगळे करता येत नाहीत ते, यांना जप्ती नाही. कारागिराच्या हत्यारांना नाही. शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे यांनाही नाही. ज्या मंगळसूत्राला सरकारच्या वॉरंटाने हात लावता येत नव्हता ते या बाईने स्वतःच्या हाताने सोनाराकडे नेऊन मोडले, आणि तेही रुग्णालयाच्या खिडकीवरून कोणी तरी 'संध्याकाळपर्यंत भरा' असे म्हटल्यावरून. त्या खिडकीतल्या माणसाकडे ना हुकूमनामा होता, ना वॉरंट.

येथे डॉक्टर थोडे चपापले. खिडकी त्यांच्याही रुग्णालयाला आहे. पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हेत, आणि त्यांची बाजू पोकळ आहे असेही मला कधी वाटलेले नाही. दहा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्याला परिचारिकेचा पगार, प्राणवायूचे सिलिंडर आणि विजेचे बिल यांपैकी काहीही रोग्याच्या परिस्थितीकडे पाहून सवलतीत मिळत नाही.

डॉक्टर : कागदावरचा कायदा सुंदर आहे. पण वीस हजारांच्या बाकीसाठी मी रोग्यावर दावा लावावयाचा, वकील द्यावयाचा, तारखांवर तारखा घ्यावयाच्या, आणि हुकूमनामा हाती आल्यावर तुमच्या बेलिफाने येऊन सांगावयाचे की घरात जप्त करण्याजोगे काही नाही! दावा लावावा की नाही या विचारातच तीन वर्षांची मुदत निघून जाते. मी आजवर एकाही रोग्यावर दावा केलेला नाही, आणि म्हणूनच अगोदर अनामत घेतो. तुम्ही ज्या न्यायालयाची महती गाता ते वेळेवर चालत असते तर या एजंटांचा जन्मच झाला नसता. शिवाय त्यांनाही आता नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये स्पष्ट बजावले आहे की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीसाठी फोन करावयाचा नाही, धमकी द्यावयाची नाही, चारचौघांत अपमान करावयाचा नाही, नातेवाइकांना व स्नेह्यांना सतवावयाचे नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर वेळ याहूनही आखूड, नऊ ते सहा.

नाझरसाहेब : आणि वसुली ठरलेल्या जागीच करावयाची, कर्जदार तेथे लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जावयाचे. मी तोही नियम वाचला आहे. पण गटाच्या कर्जात कंपनीच्या माणसाला आवाज चढवण्याची गरजच कोठे पडते? एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका बसून राहतात, कोणाची चूल खोळंबते, कोणाची मजुरी बुडते, आणि तो पोरगेलासा नोकर नुसता मोबाईल पाहत खुर्चीवर बसतो. अपमान होतो तो शेजारणीकडून. रिझर्व्ह बँकेचे कोणते परिपत्रक शेजारणीला लागू आहे?

यावर डॉक्टरांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी विषय सातासमुद्रापार नेला. त्यांचा पुतण्या अमेरिकेत न्यूजर्सीला असतो. तेथे रुग्णालयाचे न भरलेले बिल सरळ वसुली करणाऱ्या कंपनीकडे सोपवले जाते किंवा विकले जाते, आणि कोणी अपरिचित गृहस्थ पत्रांवर पत्रे धाडू लागतो.

डॉक्टर : वीस मिनिटांच्या तपासणीचे बिल त्याच्याकडे वर्षभराने आले, आणि तेही ज्याचे नाव त्याने कधी ऐकले नव्हते अशा कंपनीकडून! आपल्याकडे निदान एवढा निर्घृण प्रकार नाही. आपली बिले रुग्णालयाबाहेर विकली जात नाहीत.

नाझरसाहेब : मग त्याने काय केले?

डॉक्टर : काय करणार? त्यांच्याकडे १९७७चा कायदा आहे. वसुलीवाल्याची रीतसर नोटीस आल्यापासून तीस दिवसांच्या आत हे देणे मला मान्य नाही असे लेखी कळवले, तर पडताळा देईपर्यंत वसुली थांबवावी लागते. याने पत्र लिहिले, त्यांनी तपशील पाठवला, त्यात एक तपासणी दोनदा लावलेली निघाली. धर्मादाय रुग्णालयांना तर आणखी बंधन. रोगी सवलतीस पात्र आहे की नाही हे पाहिल्यावाचून आणि पहिल्या बिलापासून एकशे वीस दिवस लोटल्यावाचून कडक उपाय योजता येत नाहीत. २०२२पासून त्यांच्या पत नोंदवणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनीही न भरलेले वैद्यकीय देणे पहिले वर्षभर पतपत्रिकेत दाखवणे सोडले आहे.

नाझरसाहेब : डॉक्टर, तुम्ही माझाच पुरावा माझ्या हाती दिलात. तुमच्या पुतण्याचे बिल दहा हातांतून गेले तरी बिलच राहिले. औषधाचे किती, खाटेचे किती, तपासणीचे किती, हे विचारण्याचा त्याचा हक्क त्या कागदाबरोबर फिरत राहिला. या बाईचे बिल मात्र ज्या क्षणी तिने रुग्णालयाच्या खिडकीवर पैसे मोजले त्या क्षणी संपले. ते मेले, आणि त्याच्या जागी गटाचे कर्ज, मोबाईलचे कर्ज, सोनाराची पावती असे तीन कागद जन्माला आले, ज्यांच्यावर आजाराची खूणसुद्धा नाही. आता तिने ओरडून सांगितले की सलाईनचे पैसे दुप्पट लावले होते, तर गटाचा माणूस काय म्हणेल? "बाई, मी सलाईन विकत नाही." आणि त्याचे म्हणणे खरे आहे! आपल्याकडे दवाखान्याचे देणे थकतच नाही, कारण ते थकण्याच्या आधीच दुसऱ्याकडून काढून भरलेले असते. वसुलीवाला दारात येतो तो सावकाराचा, पतसंस्थेचा किंवा फायनान्सचा म्हणून. त्याला दवाखान्याचा वसुलीवाला कोणी म्हणत नाही, म्हणून तसा कोणी आपल्याकडे नाही असे तुम्हांस वाटते.

मला नाझरसाहेबांचे हे म्हणणे पुष्कळ दिवस पुरले आहे. करोनाच्या साथीत, जेव्हा २०२१च्या फेब्रुवारीत अमरावती दुसऱ्या लाटेच्या अगदी अग्रभागी सापडली होती, तेव्हाचे उदाहरण घ्या. राज्य सरकारने मे २०२०मध्ये खासगी रुग्णालयांसाठी दर बांधून दिले होते. साध्या कक्षाला दिवसाचे ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० हे आकडे तेव्हा लोकांना तोंडपाठ झाले होते, आणि बिलांची तपासणी करण्यास लेखापरीक्षक बसवले होते, ज्यांनी ठिकठिकाणी जादा आकारणी परत करावयास लावली. पण ती परत मिळाली ज्याने तपशीलवार बिल मागितले होते आणि जपून ठेवले होते त्याला. ज्याने घाईघाईने व्याजाने पैसे आणून भरले आणि मिळाला तो छापील तुकडा खिशात कोंबून पेशंट घरी आणला, त्याच्याजवळ तपासण्याजोगे काही उरले नाही. उरले ते फक्त व्याज, आणि व्याजाचे लेखापरीक्षण करण्यास कोणी बसलेला नव्हता.

डॉक्टर : समजा, तुमचे खरे. मग तिने भरावयाचे नाही, आणि रुग्णालयाने माणूस सोडून द्यावयाचा?

नाझरसाहेब : सोडावाच लागतो. बिलासाठी रोग्याला अडकवून ठेवणे बेकायदा आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले. २०२१च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत तर मृताचे शवसुद्धा पैशांसाठी अडवता येत नाही असे आहे, आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावावयाचे आहे. तुमच्या भिंतीवर कॅलेंडरे तीन आहेत, डॉक्टर. सनद मला दिसली नाही.

डॉक्टर : लावतो, लावतो! पण अडवता येत नाही म्हणजे देणे माफ झाले असे नाही.

नाझरसाहेब : मुळीच नाही. देणे राहिले, ते हप्त्याने मागा, नाही दिले तर दावा करा. पण ते बिल म्हणून राहू द्या. आणि त्याआधीचा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. पुढे २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. अमरावती, अकोला, यवतमाळ धरून चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली. आणि आता तर शिधापत्रिकेचा रंग न पाहता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते मिळते योजनेत असलेल्या रुग्णालयात, तेथल्या आरोग्यमित्राकडे नोंद झाल्यावर. एकदा खिशातून किंवा कर्जातून पैसे भरले की मागाहून परतावा नाही. त्या बाईला कोणी विचारले काय, की बाई, तुझे रेशनकार्ड कोठे आहे?

डॉक्टर : मला विचाराल तर योजनेचे पैसे रुग्णालयांच्या हाती वेळेवर पडत नाहीत ही आमची जुनी तक्रार आहे, आणि ठरवून दिलेल्या रकमांत काही उपचार बसतच नाहीत. लहान रुग्णालयाने सहा-सहा महिने वाट पाहावयाची कोणाच्या भांडवलावर? धर्मार्थ करावयाचे तर सेवाग्रामसारखे करावे. कस्तुरबा रुग्णालयाने गावोगावच्या लोकांकडून ज्वारी घेऊन त्यांच्या आजाराची हमी घेतली. सुगीत पायल्या मोजल्या आणि वर्षभर उपचार केले. तेथे गावच्या गाव सहभागी होते. मी एकटा येथे कोणाची ज्वारी मोजून घेऊ?

नाझरसाहेब : तुम्ही ज्वारी मोजू नका, नुसता रस्ता दाखवा. अमरावतीचे सरकारी इर्विन रुग्णालय आहे, संदर्भ सेवा रुग्णालय आहे, अकोल्याला सर्वोपचार आहे. विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना तर २००६ची उच्च न्यायालयाची योजना बांधलेली आहे. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम निराळी ठेवावयाची. तक्रार असली तर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. हे सर्व पैसे भरण्याच्या आधी विचारावयाचे. नंतर विचारणारा माणूस कर्जदार झालेला असतो, आणि कर्जदाराला कोणी खाटेची टक्केवारी सांगत नाही.

बोलता बोलता नाझरसाहेबांनी गठ्ठ्यातून गटाचे कर्जकार्ड उलगडून टेबलावर पसरले होते. चार घड्यांचे, कडा मळलेले. आतल्या बाजूस तारीख, हप्ता आणि सही अशा चौकटी, त्यांतील काही सह्या शाईच्या, काही नुसत्या रेघोट्या. पहिल्या पानाच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत कर्जाच्या रकमेतून झालेली वजावट होती: प्रक्रिया शुल्क, आणि त्याखाली विमा. त्या ओळीवर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले, आणि मग कार्ड उलटून त्यांनी मागच्या बाजूचा मजकूर वाचला. विमा कर्जदार स्त्रीचा होता, आणि तिच्या पतीचाही.

पुष्कळ मायक्रोफायनान्स कंपन्या असा जोडविमा उतरवतात. दोघांपैकी कोणी वारला तर राहिलेले कर्ज विम्यातून फिटावे हाच त्याचा हेतू. नवरा जाऊन तीन महिने होत आले होते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक चौकटीत हप्ता व सही व्यवस्थित होती. मुलाला आत बोलावून विचारले तेव्हा कळले की कंपनीच्या माणसाला मृत्यूची वार्ता पहिल्याच आठवड्यात समजली होती. तो दोन मिनिटे उभा राहिला होता आणि "वाईट झालं" म्हणून गेला होता.

डॉक्टर : हा मात्र नादानपणा झाला. पण कंपनीचा, कायद्याचा नव्हे. कार्डावर छापले आहे ना?

नाझरसाहेब : छापले आहे, इंग्रजीत. कार्डावरची प्रत्येक नोंद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवी असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. आणि मोबाईलच्या कर्जासाठी या पोराला फोन येतात. काय म्हणतात रे तुला?

मुलगा म्हणाला की बापाचे कर्ज पोराला फेडावेच लागते, नाहीतर पोलीस येतील, असे सांगतात.

नाझरसाहेब : पोलीस येत नाहीत. देणे हा दिवाणी मामला आहे. हुकूमनामा झाला तरी ज्याच्याजवळ द्यावयास खरोखरच नाही त्याला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवले आहे. आणि पित्याचे ऋण फेडणे हा पुत्राचा धर्म, म्हणून त्याच्याकडून वसूल करावे, ही जुन्या हिंदू कायद्यातील तरतूद ९ सप्टेंबर २००५नंतरच्या कर्जांना उरलेली नाही. बापाने मागे जे ठेवले असेल तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. रिक्षा कोणाच्या नावावर आहे?

मुलगा : पप्पाच्या.

नाझरसाहेब : मग रिक्षाच्या किमतीपुरते तुला उत्तर द्यावे लागेल, तेही न्यायालयात, फोनवर नाही. आणि तू जामीन म्हणून सही केली नसशील तरच.

डॉक्टर : हे मात्र मला पटत नाही. माझ्या वडिलांचे कर्ज मी फेडले, कायद्याने सांगितले म्हणून नाही. उद्या प्रत्येक मुलगा कलम दाखवू लागला तर लाज नावाची वस्तू शिल्लक राहील काय?

नाझरसाहेब : तुमच्या वडिलांनी कर्ज काढले तेव्हा सावकार तुमच्या ओटीवर बसून चहा प्यायलेला होता, डॉक्टर, आणि तुम्ही ते फेडले तेव्हा दवाखाना चालू झालेला होता. या पोराने लाज राखावी ती आपल्या मनाने; ज्याचा चेहरा त्याने पाहिलेला नाही अशा माणसाच्या फोनवरून नव्हे.

दोघेही काही वेळ बोलले नाहीत, आणि मग डॉक्टरांनी आपले लेटरहेडचे पॅड पुढे ओढले. रुग्णालयातून आल्यावर शेवटी रोग्याला त्यांनीच तपासले होते, तेव्हा मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र त्यांच्याच हातचे होते. नाझरसाहेब सांगत गेले आणि डॉक्टर लिहीत गेले: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, महानगरपालिकेचा मृत्यूचा दाखला सोबत, विम्याचा दावा त्वरित दाखल करावा, मृत्यूनंतर घेतलेल्या हप्त्यांचा हिशेब द्यावा, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्यात येईल. मोबाईलच्या कर्जासाठी निराळा कागद. त्यात कर्जाच्या कराराची प्रत मागितली होती आणि मुलाला फोन करणे थांबवावे असे बजावले होते. रुग्णालयाला तिसरा, तपशीलवार बिलासाठी. हा तिसरा लिहिताना डॉक्टरांचा हात जरा जड झाला, कारण ते रुग्णालय त्यांच्या परिचयाचे होते, पण त्यांनी तोही लिहिला.

डॉक्टर : मी लिहून दिले म्हणून उद्यापासून अनामत घेणे सोडीन असे मात्र समजू नका.

नाझरसाहेब : घ्या की. फक्त अनामत मागण्याआधी रेशनकार्ड मागा.

डॉक्टर : म्हणजे रोगी इर्विनला जाणार.

नाझरसाहेब : गेला तर तुमच्या उधारीच्या वहीतले एक नाव कमी.

बाईला आत बोलावून कागद दिले, कोणता कोठे द्यावयाचा हे मुलाकडून दोनदा वदवून घेतले, आणि प्रत्येकाची पोच घेण्यास सांगितले. तिने ते पिशवीत घातले आणि विचारले, "अन् मंगळवारचा हप्ता देऊ का नको जी?"

डॉक्टर म्हणाले, "द्या. विम्याचे ठरेपर्यंत खाते थकले तर पुढे तुम्हांलाच कर्ज मिळणार नाही." नाझरसाहेब म्हणाले, "अर्ज आधी पोचवा, त्यावर शिक्का घ्या, आणि हप्ता मागतील तर तो कशापोटी मागता हे कार्डावर लिहून मागा. लिहून दिले तर द्या." तिने दोघांकडेही आळीपाळीने पाहिले. गटाची बैठक मंगळवारी सकाळी अकराची होती, आणि झेरॉक्सचे दुकान रविवारी बंद असते. सोमवारी सकाळी प्रथम तेच काम करावयाचे असे मायलेकांचे ठरले.